चार चाकांची भिंत

आमच्या अंगणात एक भिंत आहे. घराच्या मधोमध सुरू होते, नाकासमोर रस्त्याकडे चालत येते आणि रस्ता हाताशी आला की एकदम थांबते. तिथून पुढची भिंत म्हणजे आमची जीप होती. पाठ विटांना टेकलेली, तोंड रस्त्याकडे, उजवी बाजू आमच्या अंगणात आणि डावी माझ्या भासऱ्यांच्या. पाहुणे विचारायचे, गाडी अशी भिंतीत काहून कोंबली? मी म्हणायची, गाडी भिंतीत कोंबली नाही, भिंत गाडीपाशी येऊन अडली. दोन्हींत फरक आहे, पण तो सांगायला बसलं तर चहा थंड होतो.

आधी नाती सांगते, नाहीतर गोंधळ होईल. आम्ही दोघी सख्ख्या बहिणी, माहेर इंझोरीचं, आणि दोघी एकाच घरात दिलेल्या. थोरलीला थोरला, मला धाकटा. वडिलांनी एकाच मांडवात दोन्ही लग्नं उरकली. त्यामुळे ताईचा नवरा माझा दोन बाजूंनी नातेवाईक. बहिणीचा नवरा म्हणून तो माझा भाऊजी, त्याची थट्टा करायचा मला हक्क. आणि नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणून तोच माझा भासरा, त्याच्यासमोर डोक्यावरून पदर घ्यायचा आणि मान वर करायची नाही. मी सोयीप्रमाणे नातं वापरते. चारचौघांत भासरे, भांडायचं असलं की भाऊजी. पदर डोक्यावर आहे की खांद्यावर, एवढ्यावरून त्यांना कळतं की आज त्यांच्यापुढं कोण उभी आहे.

जीप घेतली तेव्हा घर एकत्र होतं. जुनीच घेतली, डिझेलची, मागं समोरासमोर बाकं असलेली. बाजाराच्या दिवशी रिसोडला सोयाबीनची पोती आणि पोत्यांवर माणसं, यात्रेच्या दिवसांत पोहरादेवीला नुसती माणसं. सणाला आम्हा दोघींना इंझोरीला तीच घेऊन जायची. ताई पुढं बसायची, मी मागं, आणि मी सगळा रस्ता कुरकुरायची, थोरली झाली म्हणून काय कायम पुढंच बसायचं? ताई मागं वळूनही पाहायची नाही. तिचा स्वभावच तसा, कमी बोलायचं आणि आपली जागा सोडायची नाही.

मग घर फुटलं. कशावरून, हे आज कोणालाच धड सांगता येत नाही. तुषार सिंचनाच्या पाइपांवरून सुरू झालं होतं एवढं आठवतं. गावातली चार जाणती माणसं बसली. वावर वाटलं, बैल वाटले, भांडी वाटली. विहीर एकच, ती काही चिरता येत नाही, म्हणून तिची पाळी लावली. काही दिवस पाणी एकाचं, काही दिवस दुसऱ्याचं. शेवटी जीप राहिली. बसलेल्यांतले एक जण म्हणाले, "इहिरीसारखीच हिचीबी पाळी लावा ना. ह्या बाजारापासून त्या बाजारापावतर एकाची, मंग दुसऱ्याची." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, आतून, चुलीपाशी बसून.

विहिरीला झरा असतो, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. एकानं विहीर तळापर्यंत उपसून ठेवली तरी दुसऱ्याच्या पाळीपर्यंत ती आपली आपण भरते. जीपच्या टाकीला कुठला आलाय झरा? ज्याची पाळी संपायची, तो शेवटच्या दिवशी गाडी जेमतेम अंगणात येईल एवढंच डिझेल ठेवायचा. दुसऱ्यानं फुकटात का फिरावं? हेही तसेच आणि तेही तसेच. दोघं एका आईचे लेक, अक्कलही अगदी सारखी वाटून घेतलेली.

व्हायचं तेच झालं. एका बाजाराच्या दिवशी भाऊजी रिसोडहून परत आले. गाडी मागं घेत घेत अंगणात आणली आणि मधोमध तिनं दोन आचके दिले, बंद पडली. त्यांनी किल्ली काढून खिळ्याला अडकवली आणि पाळी सरली म्हणून हातपाय धुतले. दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांची पाळी. ह्यांनी कॅनमधून डिझेल ओतलं आणि किल्ली फिरवली. इंजिन नुसतं कण्हत राहिलं. गाडीनं हवा धरली होती.

डिझेलच्या इंजिनाची टाकी पार कोरडी पडली की नळीत हवा शिरते. मग वरून कितीही डिझेल ओता, ते इंजिनात पोचत नाही. ह्याला आमच्याकडं हवा धरली म्हणतात. विहिरीवरचं इंजिनही अधूनमधून हवा धरतं. फिल्टरवरचा नट ढिला करायचा, हातपंप मारत राहायचं, फेस संपून साफ डिझेल आलं की नट आवळायचा. चहा उकळेपर्यंत होणारं काम. शेतकऱ्याच्या घरात ते कोणालाही येतं. मलाही येतं.

पण हवा काढायची कोणी? हे म्हणाले, ज्याच्या पाळीत बंद पडली त्यानं. भाऊजी म्हणाले, माझ्या पाळीत गाडी घरी आली, चालू झाली नाही ती त्याच्या पाळीत. त्यावरून जो तमाशा झाला तो अर्ध्या गावानं पाहिला. दोघा भावांचं तेच शेवटचं बोलणं. पुढं सात-आठ वर्षं एका शब्दाची देवाणघेवाण नाही. गाडीनं धरली त्याहून जास्त हवा तुम्ही दोघांनी धरली, असं मी ह्यांना म्हणायची, आणि हे टोपी घालून वावरात निघून जायचे.

पुढच्या उन्हाळ्यात भिंत आली. गवंडी घराकडून बांधत निघाला, जीपपर्यंत पोचला आणि म्हणाला, गाडी काढा. कोणी काढेना. जो हात लावेल त्यानं आपली पाळी कबूल केली असं झालं असतं. गवंड्यानं दोन दिवस वाट पाहिली आणि हत्यारं गोळा करून दुसऱ्या कामावर गेला. उरलेल्या विटा भाऊजींच्या बाजूला, जीपच्या चाकांशी रचून ठेवल्या. तशाच राहिल्या.

दोन्ही घरांत कडक ताकीद होती, त्यांच्या अंगणात पाय ठेवायचा नाही. बाहेर भेटायला बंदी नव्हती. विहिरीवर, देवळात, बसच्या फाट्यावर आम्ही भेटायचो. पण बाहेर भेटणं म्हणजे उभ्या उभ्या, चार कान आजूबाजूला. फोनही होता. पण फोनवर किती वेळ गप्प बसता येतं? बहिणीसोबत मला बोलण्यापेक्षा गप्पच जास्त बसायचं असतं.

एका दुपारी मी सावली पाहून जीपमध्ये चढले, ड्रायव्हरच्या जागेवर, आणि लसणाची टोपली शेजारच्या सीटवर ठेवून सोलत बसले. थोड्या वेळानं डावं दार कुरकुरलं. ताई पायरीवर उभी.

"ही गाडी सामाईक हाये ना वं?" तिनं विचारलं.

"हाये."

"मंग टोपली सरकव."

बस, तेव्हापासून ती आमची बसायची जागा. ती तिच्या अंगणातून चढायची, मी माझ्या अंगणातून. पाय कोणाचाही पलीकडं पडत नव्हता. गिअरच्या दांड्याला आमची पिशवी, पुढच्या खणात सुपारी आणि अडकित्ता, आरशात बघून कुंकू नीट करायचं. तुरीच्या शेंगा सोलल्या, तांदूळ निवडले, गोधड्यांना टाके घातले. आमचे नवरे पाहायचे आणि न पाहिल्यासारखं करायचे, कारण सामाईक वस्तूत बसण्याला दोघांपैकी कोणाकडंही आक्षेप नव्हता. हा कायदा त्यांनीच केलेला.

इंझोरीला आई गेली तेव्हा तिकडून आल्यावर दहा-बारा दिवस आम्ही त्या जीपमध्ये बसून रडलो. घरात रडता येत नव्हतं असं नाही. पण आईसाठी रडायला बहीणच लागते, जावई काय कामाचे? समोरच्या काचेतून रस्ता दिसायचा, त्यावरून लोक जायचे, आणि आम्ही दोघी कुठंही न जाणाऱ्या गाडीत पुढं तोंड करून बसलेल्या. ताई डावीकडं, मी चक्रापाशी. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की ही गाडी आहे म्हणून मला बहीण आहे.

हे सगळं मोडलं माझ्या बकरीनं.

जीपच्या पोटाखालून एक बकरी आरामात जाते. आमची गेली. पलीकडं भाऊजींनी पाण्याच्या टाकीपाशी सांबाराचा वाफा केला होता. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, आणि भाऊजींना ताटात सांबार नसलं तर घास जात नाही. बकरीनं तो वाफा मुळापासून साफ केला, आणि वर तिथंच रवंथ करत बसली. भाऊजींनी तिला कान धरून जीपच्या बोनेटवर आणून ठेवली. बांधलीसुद्धा नाही, नुसती ठेवली. मला त्याचा फार राग आला, कारण ती दिसत होतीच तशी हास्यास्पद.

त्याच दुपारी ताई जीपमध्ये चढली आणि टोपलीला हात न लावता बसली.

"पाडवा झाला का गवंडी येऊन राह्यला," ती म्हणाली. "तुये भाऊजी भिंत पुरी करतो म्हनते. गाडी भंगारवाल्याले देतो म्हनते."

"अन् तू काय म्हनलं?"

"मी काय म्हनू?"

आम्ही दोघी काचेतून रस्ता पाहत बसलो. म्हणजे आता लसूण कुठं सोलायचा, असं काहीतरी बारीक मनात येत होतं, पण खरं हे होतं की गाडी गेली की भिंत रस्त्याला भिडणार, आणि भिंत भिडली की ताई गेली. पाच पावलांवर राहून गेली. मग विहीर, देऊळ, फाटा. उभ्या उभ्या.

रात्रभर उलटसुलट विचार केला असं लिहिलं तर खोटं होईल, मी गाढ झोपले. सकाळी भांडी घासताना सुचलं. हात धुतले, पदर डोक्यावरून काढून खांद्यावर टाकला, कमरेला खोचला आणि जीपमध्ये चढून डावं दार आतून उघडलं.

"भाऊजी!"

ते सांबाराच्या उजाड वाफ्याला पाणी देत होते. पदर कुठं आहे ते त्यांनी आधी पाहिलं, मग पाण्याचा पाइप खाली ठेवला.

"काय हाये?"

"गाडी भंगारात काहून देता?"

"मंग काय आरती करू तिची? तुयी बकरी तिच्या खालून येते अन् माया सांबार खाते."

"बकरीले बांधतो मी. पन गाडी सामाईक हाये. अशी मेलेलीच इकली त कोनाच्या पाळीत मेली, हे तसंच राह्यते. उद्या आपली पोरं त्यावरून भांडतीन. एकडाव चालू करा. आपल्या चाकानं रस्त्यावर जाऊ द्या तिले. मंग इका नाईतं मोडा, मी एक शब्द काढनार नाई."

"चालू होत नाई म्हनते काय तू?"

"मी कायले म्हनू? गाव म्हनते."

गावात असं कोणीही म्हणत नव्हतं. गावाला आमच्या जीपची आठवणही उरली नव्हती. पण भाऊजींचे कान लाल झाले. मग मी घरात आले, ह्यांना जेवायला वाढलं आणि सहज सांगितलं, "भाऊजी गाडी चालू करून राह्यले. तुमाले जमत नाई म्हनते." ह्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि पाना शोधायला उठले.

खरं सांगायचं तर ती गाडी चालू होईल असं मला मुळीच वाटत नव्हतं. मी दिवस काढत होते. दोघं झगडतील, दमतील, पावसाळा येईल, पेरण्या सुरू होतील, गवंडी दुसरीकडं लागेल. आम्ही बसत राहू.

दोघांनी तिथंही पाळी लावली. कोणी ठरवली नाही, आपोआप लागली. सकाळी उन्हं चढायच्या आत भाऊजी, संध्याकाळी उन्हं कलल्यावर हे. एकमेकांचं काम पाहायचं, नाकं मुरडायची आणि बोलायचं नाही. हवेच्या फिल्टरमधून भाऊजींनी उंदराचं घरटं काढलं, पोत्याच्या सुतळीचं आणि सोयाबीनच्या टरफलांचं, इतकं नीट विणलेलं की ताईनं ते हातात घेऊन कौतुक केलं. बोनेटखाली गांधीलमाश्यांचं पोळं होतं, ते ह्यांनी धूर करून उठवलं आणि कपाळावर एक टेंगूळ घेतलं. टायरं पार चिरली होती. डाव्या बाजूची दोन भाऊजींनी आणली, उजव्या बाजूची दोन ह्यांनी. दोघांनी जुनीच आणली, वेगवेगळ्या दुकानांतून, त्यामुळे गाडी आमच्या बाजूला थोडी कलली. आमचे हे म्हणाले, त्याईचेच टायर जास्त फुगलेले हायेत.

टाकी काढून पाहिली तर आत नुसता गंज. तिच्यात बारीक गिट्टी आणि थोडं डिझेल घालून ती खळबळून घ्यावी लागते, म्हणजे गंज सुटतो. दोन माणसांचं काम. पण दुसरा माणूस मागायचा कोणाला? ह्यांनी बाळाचा पाळणा बांधावा तशी ती टाकी दोरानं कडुलिंबाला टांगली आणि झोके देत बसले. मी रस्त्याच्या बाजूला उभी राहिले, येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते दिसू नये म्हणून. पण आवाज कसा झाकणार?

रिसोडहून एक मेकॅनिक मोटारसायकलवर येऊन गेला. त्यानं इंजिन हातानं फिरवून पाहिलं, जाम नाही म्हणाला, ब्रेकचं रबर बदललं, नळ्या बदलल्या, नवी बॅटरी बसवून दिली. डिझेलच्या नळीच्या जागी ह्यांनी फवारणी पंपाचा पाइप लावला होता, तो त्यानं दोन बोटांत धरून बाजूला टाकला. पोहरादेवीची यात्रा तोंडावर आलेली, सगळ्या जीपा त्याच्या दारात उभ्या. जाताना तो म्हणाला, "आता मले येनं जमत नाई. फक्त हवा काढाची राह्यली. ते तुमच्यापैकी कोनालेबी येते."

मी तेव्हा घाबरले. इतके दिवस मजा चालली होती. आता खरंच फक्त हवा राहिली होती. सीटा कामासाठी काढून भिंतीला टेकवल्या होत्या, त्यामुळे आमचं बसणंही बंद झालेलं. गवंड्यानं निरोप पाठवला होता, पाडवा झाला, आता येऊ काय? आणि किल्ली माझ्याकडं होती, तांदळाच्या डब्यात. डबा उघडून मी ती हातात घेतली आणि क्षणभर वाटलं, हरवली म्हणून सांगावं. मग बाहेरून भाऊजींचं खोकणं ऐकू आलं, ते पहाटेपासून गाडीखाली पडून होते, आणि मी किल्ली नेऊन गाडीला लावली.

सकाळच्या पाळीत भाऊजींनी हवा काढायचा प्रयत्न केला. एरवी हे एका माणसाचं काम. पण हातपंपातलं रबर वाळून गेलं होतं. पंप मारणं थांबवलं की डिझेल मागं जायचं आणि नट आवळेपर्यंत पुन्हा हवा शिरायची. म्हणजे एकानं मारत राहायचं आणि त्याच वेळी दुसऱ्यानं आवळायचं. भाऊजी बराच वेळ धडपडले. स्टार्टर मारला, इंजिन कण्हलं, बस. संध्याकाळी ह्यांनी तेच केलं आणि तेच झालं. डिझेल सगळं अंगणात.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी पुन्हा लागले. हेही त्या दिवशी वावरात गेले नाहीत. आपल्या बाजूला, चाकाशी उकिडवे बसून राहिले, जणू काही चाकच पाहत आहेत. ताई तिच्या दारात, मी माझ्या. भाऊजींचा हात नटावरून निसटला, बोटं सोलली, त्यांनी पाना फेकला.

तेव्हा ताई बोलली. ती कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. विटांपाशी येऊन उभी राहिली आणि एकदा नवऱ्याकडं, एकदा दिराकडं पाहून म्हणाली, "इहिरीवरच्या इंजिनाची हवा तुमी दोघं मिळून काढत होते. लग्न होऊन आली तवापासून पाह्यलं मी. हिची काहून नाई निघत मंग?"

मग हे उठले. फेकलेला पाना आमच्याच बाजूला पडला होता, तो उचलून पुसला आणि बोनेटवर वाकले. भाऊजी तिकडून वाकले आणि पंपावर अंगठा ठेवला. दोघांची डोकी आत, दोघांच्या पाठी बाहेर, एक पाठ ह्या अंगणात, एक त्या.

"मार," हे म्हणाले.

पंप टकटक वाजू लागला.

"मार. मार. थांबू नको."

"फेस हाये काय अजून?" भाऊजींनी विचारलं.

"हाये. मार."

सात-आठ वर्षांनंतरचं हे बोलणं. मी पदर तोंडाला लावून उभी होते, आणि रडत होते की हसत होते ते मला आजही सांगता येणार नाही. पंपाची टकटक चालू होती. नटातून पांढरा फेस येत होता, फसफस करत, मग मोठाले बुडबुडे, मग बारीक, मग एखादाच.

"आता आवळ बे," भाऊजी म्हणाले, "माया अंगठा गेला."

"जरासा थांब, दादा. एक बुडबुडा हाये. हां, गेला. आवळला."

भाऊजींनी अंगठा झटकला. हे चक्रापाशी चढले, सीट नव्हतीच, तसेच उभ्यानं वाकून किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं, खोकलं, पुन्हा कण्हलं आणि धडाडून सुरू झालं. सगळं अंगण काळ्या धुरानं भरलं. बकरी खुंट्यासकट पळाली. मागच्या बाकाखालून एक उंदीर निघून भिंतीवर चढला आणि आमच्याकडं रागानं पाहत राहिला. भाऊजी धुरात उभे राहून ओरडत होते, "रेस दे! रेस दे!" आणि हे आतून ओरडत होते, "देऊन राह्यलो ना!"

मग सीटा बसवल्या. दोघं काही न ठरवता आत बसले, कारण भाऊजींचा ह्यांच्या चालवण्यावर भरवसा नाही आणि ह्यांचा भाऊजींच्या डिझेल भरण्यावर नाही. "टाकी पुरी भरून आनतो," भाऊजी माझ्याकडं न पाहता म्हणाले. "काठोकाठ," हे म्हणाले. गाडी हलली, जागेवरून सुटताना तिनं एक मोठा कर्कश आवाज केला, मग आपल्या चाकांनी रस्त्यावर गेली, आमच्या बाजूला जरा कललेली, आणि वळणावरून दिसेनाशी झाली.

मागं मोकळी जागा राहिली. गाडीएवढी, काळ्या डागांची, मधोमध पिवळ्या पडलेल्या गवताची. एका बाजूला ताई, एका बाजूला मी. इतकी वर्षं आम्ही दारं उघडून एकमेकींकडं चढत होतो आणि आता मधे काहीच नव्हतं, तर दोघींनाही पुढं यायला सुचेना. मला वाटलं, मीच मागितलं हे. चालू करा म्हटलं, मग विका म्हटलं, एक शब्द काढणार नाही म्हटलं. आता शब्द काढायला तोंडच ठेवलं नाही मी स्वतःला.

ताई वाकली. रचलेल्या विटांतल्या चार उचलून तिनं त्या मोकळ्या जागेत ठेवल्या, दोन आणि दोन, समोरासमोर.

"टोपली आन," ती म्हणाली.

मी लसणाची टोपली आणली. आम्ही विटांवर बसलो. पहिल्यांदाच समोरासमोर, कारण गाडीत शेजारी शेजारी बसून आम्हाला नेहमी रस्ताच दिसायचा. ताईच्या कपाळावरचे केस किती पांढरे झाले होते, ते मला तेव्हा दिसलं. ती माझ्याकडं पाहत होती, म्हणजे तिलाही माझं काहीतरी दिसत असणार.

मधेच गवंडी आला, जागा पाहायला. गाडी हललेली पाहून खूष झाला, दोरी काढली, आणि मग आम्ही कुठं बसलोय आणि कशावर बसलोय ते पाहिलं. ताईनं त्याला चहा दिला. तो चहा रचलेल्या विटांवरच बसून प्याला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, इटा मोकळ्या झाल्या का सांगजा. दोरी गुंडाळून गेला.

उन्हं कलायला लागली तेव्हा गाडीचा आवाज आला. लांबूनच कळलं, वेगवेगळी टायरं असल्यानं ती चालताना फडफडत होती. रस्त्यावरून वळली, दोघं पुढं बसलेले, भाऊजी चालवत होते आणि हे हात बाहेर काढून त्यांना कसं वळवायचं ते सांगत होते. गाडीनं पाठ केली आणि जागेवर घ्यायला मागं मागं येऊ लागली. आम्हाला पाहून थांबली. भोंगा वाजला. बॅटरी नवी, त्यामुळे चांगला खणखणीत वाजला.

मी टोपली उचलायला लागले. ताईनं माझ्या हातावर हात ठेवला.

पुन्हा भोंगा. भाऊजींनी डोकं बाहेर काढलं. "अवो, उठा ना! गाडी लावाची हाये!"

ताईनं लसणाची पाकळी सोलून टोपलीत टाकली, पदर झटकला आणि मागं वळूनही न पाहता म्हणाली, "बाहीर लावा. इथं आमी बसलो हावो."

इंजिन थोडा वेळ तसंच धडधडत राहिलं. मग गाडी पुढं गेली, आणि रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली जाऊन थांबली. दोघं उतरले. किल्ली आता कोणाकडं ठेवायची, हे ते तिथं उभे राहून एकमेकांना विचारत होते.